शिडाची शर्यत : अंगचे गुण की कमावलेलं कसब?

‘प्रतिभा श्रेष्ठ की परिश्रम?’ हा निबंध नववी-दहावीला कुठल्या ना कुठल्या रूपात येतोच. वक्तृत्व स्पर्धेच्या यादीतही तो हमखास असतो. मुलं त्यात काय लिहितात हे आता आपल्यालाही पाठ झालंय. पहिल्या परिच्छेदात ‘मुलाचे पाय पाळण्यात दिसतात’, दुसऱ्यात ‘प्रयत्नांती परमेश्वर’, मग सचिन, मग लतादीदी आणि शेवटी ‘दोन्हींचा संगम झाला तरच यश’. दहापैकी सात गुण. निबंधात एकही वाक्य चूक नसतं, आणि त्यातलं एकही वाक्य मुलाने स्वतः तपासून पाहिलेलं नसतं.

याला कारण आपण देतो ती उदाहरणं, असं माझं मत आहे. सचिन आणि लतादीदी ही माणसं इतकी मोठी की त्यांच्याबद्दल वाद घालायला मुलाची जीभच रेटत नाही. म्हणून यंदा मी वर्गात मुद्दाम असा एक खेळ घेतला, जो आमच्या मुलांनी टीव्हीवरसुद्धा धड पाहिलेला नव्हता. शिडाच्या होड्यांची शर्यत, म्हणजे सेलिंग. (आपली वर्तमानपत्रं याला नौकानयन म्हणतात आणि वल्ह्यांच्या शर्यतीलाही नौकानयनच म्हणतात. दुष्काळी चांदवड तालुक्यातला दत्तू भोकनळ २०१६ साली रिओ ऑलिंपिकला गेला तो वल्ह्यांच्या शर्यतीत. इथे वल्हं नाही, इंजिन नाही. फक्त वारा, शीड आणि सुकाणू.)

आमची शाळा किनारपट्टीच्या तालुक्यात आहे. वर्गात विचारलं, “आपल्यातला कोण या खेळात जिंकेल?” सगळ्यांची बोटं मच्छीमारांच्या मुलांकडे. कारण विचारलं तर म्हणे, “बाई, त्यांच्या रक्तातच आहे ते.” खाण तशी माती. मोठी माणसंही हेच म्हणतात, म्हणून मुलंही म्हणतात. हे म्हणणं खरं आहे का, एवढाच या लेखाचा विषय. माझं उत्तर आधीच सांगून टाकते : बरंचसं खोटं आहे, थोडंसं खरं आहे, आणि जे थोडं खरं आहे तेही दहाव्या-बाराव्या वर्षी आपल्या डोळ्यांना दिसत नाही.

आधी शर्यत कशी असते ते पाहू. ते कळल्याशिवाय या वादाला काही अर्थ नाही.

जगभर सर्वांत जास्त खेळल्या जाणाऱ्या प्रकारांपैकी एक म्हणजे आयएलसीए, जुनं नाव लेझर. सव्वाचार मीटरच्या आतबाहेरची, एकाच माणसाने चालवायची होडी. तिचं अंग सगळ्यांचं सारखं. शिडाचे आकार तीन : साधारण ४.७, ५.८ आणि ७.१ चौरस मीटर. म्हणून नावं आयएलसीए ४, ६ आणि ७. कुमारांसाठी ४, महिलांसाठी ऑलिंपिकमध्ये ६, पुरुषांसाठी ७. ऑलिंपिकला तर होड्या आयोजकच पुरवतात, म्हणजे ‘त्याची होडी भारी होती’ ही पळवाटही बंद. होडी तीच, पाणी तेच, वारा तोच. मग एक पहिला येतो आणि एक चाळिसावा, तो फरक कुठून येतो? आपल्या निबंधासाठी इतका सोयीचा खेळ दुसरा शोधून सापडणार नाही.

आता वारा. शिडाची होडी थेट वाऱ्याच्या तोंडावर जाऊ शकत नाही. वाऱ्याशी साधारण ४५ अंशांचा कोन ठेवून तिरकं जायचं, मग वळायचं, दुसऱ्या बाजूने तिरकं जायचं. नागमोडी. आणि शर्यतीतली पहिली खूण मुद्दाम अगदी वाऱ्याच्या दिशेलाच टाकलेली असते. म्हणजे तिथपर्यंतचा रस्ता कुणीही आखून दिलेला नसतो. कधी डावीकडे जायचं, कधी उजवीकडे, कधी वळायचं हे प्रत्येकाने आपलं आपण ठरवायचं. त्यात वारा सरळ राहत नाही. पाच-दहा अंश इकडे, पाच-दहा अंश तिकडे, असा तो सतत हलत असतो.

गणिताच्या शिक्षकांनी हे उदाहरण फळ्यावर जरूर घ्यावं. वाऱ्याच्या दृष्टीने बरोबरीत असलेल्या दोन होड्या एकमेकींपासून आडव्या १०० मीटर अंतरावर आहेत. वारा १० अंशांनी फिरला. ज्या बाजूला तो फिरला त्या बाजूच्या होडीला, साइन १० अंश आणि ४५ अंशांचा तिरका रस्ता धरून, जवळजवळ २५ मीटरचा फायदा होतो. सहा होड्यांची लांबी! कुणी जोर लावला नाही, कुणी जास्त दमलं नाही, फक्त योग्य बाजूला होतं. बघणाऱ्याला हे नशीब वाटतं. एकदा घडलं तर नशीबच. पण आठवडाभरात दहा-बारा शर्यती होतात आणि त्याच चार-पाच होड्या पुन्हा पुन्हा योग्य बाजूला सापडतात, तेव्हा नशीब हा शब्द अपुरा पडतो आणि लोक दुसरा सोपा शब्द घेतात : उपजत.

सुरुवात तर याहून अवघड. धावण्याच्या शर्यतीत आखलेल्या रेषेमागे उभं राहता येतं. इथे रेषा म्हणजे पंचांची नाव आणि एक तरंगती खूण यांच्यामधली कल्पनेतली ओळ. पाच मिनिटं आधी एक झेंडा वर जातो, चार मिनिटांना दुसरा, एक मिनिट राहिलं की दुसरा खाली, शून्याला पहिला खाली. होडीला ब्रेक नसतो. शीड फडफडत ठेवून, सुकाणू हलवत, शेजारच्याला न धडकता होडी जागच्या जागी थोपवायची आणि बरोबर शून्याला वेगात रेषा ओलांडायची. सेकंदभर आधी ओलांडली तर परत फिरा. उशीर झाला तर पुढच्या सगळ्या होड्यांनी ढवळलेल्या, खराब वाऱ्यात राहा. होडी एका जागी थोपवून धरणं हे एक वेगळंच कौशल्य आहे आणि चांगले खेळाडू त्याचा घोटून घोटून सराव करतात, आपण सुलेखनाला एकच अक्षर पानभर गिरवून घेतो तसा.

हे सगळं चालू असताना शरीराचं काम थांबलेलं नसतं. वाऱ्याने होडी कलते. ती सपाट ठेवण्यासाठी पायाचे पंजे होडीतल्या पट्ट्यात अडकवून सगळं अंग बाहेर झोकून द्यावं लागतं. मांड्या आणि पोट यांच्यावर सगळा भार. एक शर्यत पाऊण-एक तासाची, आणि दिवसाला दोन किंवा अधिक. खुर्चीच्या कडेवर बसून, पाय टेबलाखाली अडकवून, पाठ मागे टाकून दोन मिनिटं राहून बघा. पीटीच्या तासाला आमच्या दहावीच्या मुलांनी हे करून पाहिलं. सर्वांत दांडगा समजला जाणारा मुलगा दीड मिनिटात खाली.

आता सांगा, यात प्रतिभा नेमकी कुठे बसते?

लोक म्हणतात, “त्याला वारा दिसतो.” वारा कुणालाच दिसत नाही. दिसतं ते पाणी. जोराची झुळूक उतरते तिथे पाण्यावर बारीक लाटा उठतात आणि तो पट्टा गडद दिसतो. दूरच्या होडीचं शीड कलतं. किनाऱ्यावरचा धूर वाकतो. ढग जमिनीवर साचतात. चांगला खेळाडू शर्यतीआधी तासभर पाण्यावर जातो, दर काही मिनिटांनी होकायंत्रावर वाऱ्याची दिशा बघतो, आकडे लिहितो आणि त्यात लय शोधतो. आपण भूगोलात शिकवतो ते खारे वारे आणि मतलई वारे हेच त्याचं रोजचं पुस्तक. फरक इतकाच, की आपली मुलं ‘दिवसा समुद्राकडून जमिनीकडे वाहतात ते खारे वारे’ असं लिहून दोन गुण मिळवतात आणि मोकळी होतात. मतलई कितीला पडतो, मध्ये किती वेळ पाणी आरशासारखं राहतं, खारा कुठल्या बाजूने शिरतो, दुपारी तो पश्चिमेकडून वायव्येला कसा सरकतो, हे कुणी विचारत नाही. सेलिंगच्या खेळाडूला मात्र नेमकं हेच विचारलं जातं, आणि तेही प्रत्येक बंदरासाठी वेगळं.

आपल्याकडचा जुना तांडेल हे सगळं सांगू शकतो, यात शंका नाही. उधाणाला पाणी कुठून जोरात ओढतं, भांगेला कुठे थांबतं, हे त्याला झोपेतून उठवून विचारा. पण तो जन्मला तेव्हा त्याला हे येत होतं का? दहाव्या वर्षापासून बापाबरोबर होडीवर. भूक, उलट्या, शिव्या, कधी चापटीसुद्धा. तीस वर्षं रोज. आपण त्याला सराव म्हणत नाही, कारण त्याला शाळा नव्हती, वेळापत्रक नव्हतं आणि प्रमाणपत्रही नव्हतं. म्हणून ते ‘रक्तात’ जाऊन बसलं.

आणि रक्ताचाच हिशोब करायचा तर आणखी एक गंमत पाहा. आजोबांच्या काळी होड्यांना शिडं होती. मग यंत्रं आली आणि मासेमारीच्या होड्यांवरून शीड जवळजवळ गेलंच. आज आमच्या वर्गातल्या मच्छीमाराच्या मुलाला इंजिन खोलता येतं, जाळं विणता येतं, जीपीएस वाचता येतो. पण शीड कसं ताणायचं हे त्याला माहीत नाही, कारण ते त्याने कधी केलेलंच नाही. रक्तात असतं तर दोन पिढ्यांत ते गेलं कुठे?

आता भोपाळकडे या. मध्य प्रदेशाला समुद्र नाही. एक इंचही नाही. भोपाळच्या बड्या तलावावर राष्ट्रीय सेलिंग शाळा आहे. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत लेझर ४.७ या प्रकारात भारताला कांस्यपदक मिळालं, ते मध्य प्रदेशच्या हर्षिता तोमरने मिळवलं. पाच वर्षांनी, २०२३ मध्ये, हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत मुलींच्या आयएलसीए ४ मध्ये रौप्यपदक आलं. ते मिळवणारी नेहा ठाकूर तेव्हा १७ वर्षांची होती. देवास जिल्ह्यातली, शेतकऱ्याची मुलगी. तिच्या घराण्यात कुणी समुद्रावर गेलं असण्याचा संभवच कमी. सलग दोन आशियाई स्पर्धा, दोन पदकं, एकच तलाव. आणि आपल्या पाठ्यपुस्तकात महाराष्ट्राचा किनारा ७२० किलोमीटर!

अनुवंशाने हा खेळ येत असता तर पदकं भोपाळहून आली नसती. तिथे काय होतं? पाणी होतं, होड्या होत्या, रोज शिकवणारी माणसं होती आणि शेतकऱ्याच्या मुलीला त्या होडीत बसण्याची परवानगी होती. शेवटची गोष्ट मी मुद्दाम लिहिते आहे.

मुंबईचाही या खेळाशी जुना संबंध आहे, हे मुलांना सांगायला हवं. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेतल्या शिडाच्या शर्यती दिल्लीत होणं शक्यच नव्हतं; त्या मुंबईत झाल्या. फायरबॉल या दोघांच्या होडीच्या प्रकारात फारोख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी भारताला सुवर्णपदक मिळवून दिलं. तारापोर पुढे तीन ऑलिंपिक खेळले. पण मुंबईत हा खेळ मुख्यतः क्लबांमध्ये आणि सैन्यदलांमध्ये राहिला. शेजारच्याच कोळीवाड्याच्या भिंतीपलीकडे तो फारसा गेला नाही. आता ही प्रतिभेची कमतरता म्हणायची का?

परदेशातलं एक उदाहरण मला फार आवडतं. डेन्मार्कचे पॉल एल्व्हस्ट्रॉम. १९४८, १९५२, १९५६ आणि १९६० अशी सलग चार ऑलिंपिक सुवर्णपदकं. १९४८ मध्ये ते वीस वर्षांचे होते आणि पहिलीच शर्यत त्यांनी अर्धवट सोडली होती. तरी स्पर्धा संपली तेव्हा सुवर्ण त्यांचंच. ‘जन्मजात’ हा शब्द ज्यांच्यासाठी वापरावा असं कुणी असेल तर हेच. पण या माणसाने घरी एक बाक तयार करून घेतला होता. पाय अडकवून, अंग मागे झोकून, होडीत बसल्यासारखा त्या बाकावर सराव. हिवाळ्यात डेन्मार्कच्या थंडीत पाण्यावर जाता येत नाही तर बाकावर! पुढे जगभरच्या खेळाडूंनी तसे बाक केले. म्हणजे एल्व्हस्ट्रॉम यांची प्रतिभा कुठली म्हणाल? वारा ओळखण्याची, की इतरांना न सुचलेला बाक सुचण्याची आणि त्यावर कंटाळा न येता बसण्याची? कंटाळा न येणं हीसुद्धा एक देणगी असू शकते, हे मी मान्य करते. तो मुद्दा आपल्या निबंधांत कधीच येत नाही.

डोक्याचा भाग किती असतो त्यासाठी ब्राझीलचे रॉबर्ट शाइट आणि ब्रिटनचे बेन एन्स्ली यांची जोडी बघा. १९९६ च्या ऑलिंपिकच्या शेवटच्या शर्यतीत गुणांमध्ये शाइट पुढे होते. काळा झेंडा लागला होता, म्हणजे जो वेळेआधी रेषा ओलांडेल तो थेट बाद. शाइट यांनी आधीच रेषा ओलांडली, १९ वर्षांचे एन्स्ली त्यांच्या मागे ओढले गेले आणि दोघेही बाद झाले. गुणांचा हिशोब शाइट यांच्या बाजूचा, त्यामुळे सुवर्ण त्यांना आणि एन्स्ली यांना रौप्य. चार वर्षांनी सिडनीत हिशोब उलटा होता. एन्स्ली यांनी शेवटच्या शर्यतीत जिंकण्याचा विचारच सोडला, शाइट यांच्या होडीसमोर राहून त्यांचा वारा अडवला, त्यांना गर्दीत मागे नेलं आणि सुवर्ण घेतलं. हे नियमात बसतं. आवडण्यासारखं आहे का, यावर वर्गात तासभर वाद झाला आणि तो मी थांबवला नाही. पण १९९६ ते २००० या चार वर्षांत एन्स्ली यांच्या रक्तात काही बदललेलं नव्हतं. ते एक धडा शिकले होते.

आता दुसरी बाजू. फक्त ‘मेहनत करा, सगळं मिळतं’ असं मुलांना सांगणं हेही मला खोटेपणाचं वाटतं.

शरीर ही जन्माने मिळालेली गोष्ट आहे. अंग होडीबाहेर टाकायचं तर उंची उपयोगी पडते, आणि उंची सरावाने वाढत नाही. आयएलसीए ७ ला ऐंशी किलोच्या पुढचं वजन चांगलं समजतात. ५५ किलोचा काटक मुलगा कितीही शिकला तरी जोराच्या वाऱ्यात त्या शिडाखाली मागेच पडेल. एन्स्ली यांनीच पुढे फिन या मोठ्या होडीत जायचं ठरवलं तेव्हा पंधरा किलोंहून अधिक वजन वाढवलं. हाडापेराने लहान माणसाला ते झेपलं नसतं. म्हणून या खेळात वेगवेगळ्या शिडांचे, वेगवेगळ्या होड्यांचे प्रकार आहेत. आपल्या शाळेत मात्र सगळ्यांना एकच कबड्डी आणि त्यात जो बसला नाही तो ‘खेळात शून्य’.

संशोधन काय म्हणतं? १९९३ मध्ये अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी बर्लिनच्या व्हायोलिनवादकांचा अभ्यास मांडला. पुढे २००८ मध्ये माल्कम ग्लॅडवेल यांच्या पुस्तकाने त्यातून ‘दहा हजार तास’ हे सूत्र लोकप्रिय केलं. एरिक्सन यांनीच नंतर त्याला हरकत घेतली : नुसते तास नव्हे, चुकीवर बोट ठेवणारा, शिक्षकाच्या देखरेखीखालचा सराव महत्त्वाचा. मग २०१४ मध्ये ब्रूक मॅक्नमारा आणि सहकाऱ्यांनी अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले. खेळाडू-खेळाडूंमध्ये जो फरक दिसतो, त्यापैकी सुमारे १८ टक्के फरकच अशा सरावाने समजावता आला. संगीतात २१ टक्के. यावरून लगेच ‘बघा, ८२ टक्के प्रतिभा’ असं म्हणणारे भेटतात. तसं नाही हो! उरलेल्यात शरीर आहे, वय आहे, पैसा आहे, शिक्षक आहे, दुखापत आहे, मोजमापातली चूक आहे आणि हो, जन्मजात गुणही आहेत. कुठलं किती, ते त्या आकड्यात नाही.

माझ्या दृष्टीने पालकांसाठी त्याहून महत्त्वाचा अभ्यास आर्ने ग्युलिश, मॅक्नमारा आणि हॅम्ब्रिक यांचा आहे. जागतिक पातळीवर सर्वांत वर पोहोचलेले प्रौढ खेळाडू आणि त्यांच्या एक पायरी खालचे खेळाडू यांची त्यांनी तुलना केली. वर पोहोचलेल्यांनी लहानपणी अनेक खेळ खेळले होते, आपला मुख्य खेळ उशिरा सुरू केला होता आणि सुरुवातीची त्यांची प्रगती हळू होती. पुन्हा वाचा : हळू होती. म्हणजे बाराव्या वर्षी जो चमकतो तोच पुढे चमकेल, या समजुतीला आधार नाही.

आपल्याकडचं उदाहरण चेन्नईच्या नेत्रा कुमननचं. सेलिंगमध्ये ऑलिंपिकसाठी पात्र ठरलेली ती पहिली भारतीय महिला. होडी तिने बाराव्या वर्षाच्या सुमारास, उन्हाळी शिबिरात पहिल्यांदा हाती घेतली. त्याआधी भरतनाट्यम, टेनिस, सायकलिंग, बास्केटबॉल असं बरंच काही करून पाहिलं होतं. आपल्या सोसायटीत अशा मुलीला ‘धरसोड’ म्हणतात. टोकियोत ती ३५वी आली, तीन वर्षांनी पॅरिसला २१वी. तिच्या जोडीला पुरुषांमध्ये विष्णू सरवणन. त्याचे वडील लष्करात आणि स्वतः शिडाचे खेळाडू, म्हणजे त्याला घरातूनच ओळख झाली. तो टोकियोत २०वा, पॅरिसला १८वा. दोन वेगळ्या वाटा. सेलिंगमध्ये भारताला अजून ऑलिंपिक पदक नाही. नेत्राने स्पेनच्या ग्रान कनारिया बेटावर जाऊन सराव केला, कारण जगातले चांगले खेळाडू जिथे रोज एकमेकांशी स्पर्धा करतात तिथेच कसब वाढतं. तिथे जायला प्रतिभा लागत नाही, पैसे आणि पाठबळ लागतं.

शर्यत नव्हे, पण याच पाण्यातली एक मराठी गोष्ट इथे सांगायलाच हवी. नौदलातले दिलीप दोंदे २००९–१० मध्ये शिडाच्या होडीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय ठरले. २००६ मध्ये त्यांनी या कामासाठी आपलं नाव पुढे केलं तेव्हा ते नौदलातले पाण्याखाली काम करणारे अधिकारी होते, महासागरातले एकांडे शिडवाले नव्हे. त्यांची ‘म्हादेई’ गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांनी बांधली, आणि त्यांनीही तशी होडी आधी बांधलेली नव्हती. बांधणारा शिकतोय, चालवणारा शिकतोय. चालवणारा बांधणीपाशी उभा राहिला, म्हणून समुद्रात मोडलेलं दुरुस्त करता आलं. पुढे ‘तारिणी’वरून प्रदक्षिणा केलेल्या नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांना शिकवणारेही दोंदेच.

आता मुद्द्याचं बोलते. आमच्याच भागातली सातवीतली एक मुलगी सुट्टीत एका शिबिराला गेली होती. तिसऱ्या दिवशी वडील तिला परत घेऊन आले. होडी तीनदा उलटली होती, आणि तिथल्या कुणीतरी सांगितलं होतं, “हिला नॅचरल सेन्स नाही.” वडील मला म्हणाले, “बाई, तिच्या अंगात नाहीच ते. उगाच फी कशाला भरू?” पुढची दोन वर्षं ती मुलगी कुठल्याच खेळाला नाव देईना. विचारलं की म्हणायची, “माझ्यात सेन्स नाही.” सातवीतली मुलगी, हे वाक्य पाठ करून बसलेली!

यातला विरोधाभास लक्षात घ्या. नीट चालवलेल्या कुठल्याही सेलिंगच्या वर्गात सुरुवातीच्या धड्यांपैकी एक धडा हा होडी उलटवण्याचाच असतो. मुद्दाम उलटवायची, पाण्यात पडायचं, पोहत फिरून यायचं, खालच्या फळीवर भार देऊन ती सरळ करायची आणि वर चढायचं. हे जमेपर्यंत पुढचं शिकवत नाहीत. तीन दिवसांत तीनदा उलटली ही अभ्यासक्रमातली गोष्ट होती. कुणीतरी तिचा निकाल करून टाकला. गणितात पहिल्याच आठवड्यात तीन उदाहरणं चुकली की ‘याला गणिताचं डोकं नाही’ म्हणणारे शिक्षक आपल्यातही आहेत. नावं घेत नाही.

या खेळातला गुण मोजण्याचा नियमही शिक्षकांनी पाहण्यासारखा आहे. पहिल्याला १ गुण, दुसऱ्याला २, चाळिसाव्याला ४०; कमी गुण तो वर. आणि ठरलेल्या संख्येइतक्या शर्यती झाल्या की प्रत्येकाचा एक सर्वांत वाईट निकाल हिशोबातून काढून टाकतात. वाऱ्याच्या खेळात एखादा दिवस वाईट जाणारच, हे नियम करणाऱ्यांनी गृहीत धरलंय. घटक चाचण्यांच्या बाबतीत मी हे मुख्याध्यापकांना सुचवून पाहिलं. ते हसले. पण नाही म्हणाले नाहीत.

तेव्हा निबंधाचा विषय बदलू या, असं मला वाटतं. ‘प्रतिभा की परिश्रम?’ ऐवजी ‘जूनमध्ये मला न येणारी आणि आज येणारी एक गोष्ट, आणि ती कशी आली’. यात मुलाला सचिनची गरज लागत नाही. पोळी गोल लाटण्यापासून ट्रॅक्टर मागे घेण्यापर्यंत काहीही येऊ द्या. आमच्याकडे एकाने बोटीचं इंजिन सुरू करण्यावर लिहिलं आणि त्यात कितव्या झटक्याला ते कसा आवाज करतं याचं वर्णन होतं. दहापैकी साडेआठ दिले.

ज्यांना हे वाऱ्यावरच करून पाहायचंय त्यांच्यासाठी आमचा उपक्रम देते. होडी लागत नाही. शाळेच्या गच्चीवर किंवा मैदानात, झाडं-भिंतींपासून दूर एक बांबू रोवा आणि टोकाला पातळ प्लास्टिकची पट्टी किंवा लोकरीचा धागा बांधा. रोज सकाळी दहाला आणि दुपारी चारला होकायंत्राने वाऱ्याची दिशा बघायची. साधं होकायंत्र किंवा मोबाइलमधलंही चालतं. सोबत ढग, ऊन आणि किनाऱ्याला असाल तर भरती-ओहोटीची वेळ लिहायची. कोकणात डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम, कारण सकाळचा मतलई आणि दुपारचा खारा स्पष्ट वेगळे दिसतात. घाटमाथ्यावर किंवा देशावर असाल तर तसंच दिसेल अशी अपेक्षा ठेवू नका. डोंगराजवळच्या शाळांना दरीय आणि पर्वतीय वाऱ्यांचा खेळ दिसू शकतो. पहिले दोन आठवडे नुसती नोंद. तिसऱ्या आठवड्यापासून सकाळी दहालाच प्रत्येक मुलाने चार वाजताच्या दिशेचा अंदाज लिहायचा आणि शेजारी कारण लिहायचं. बरोबर आला तर खूण. चौथ्या, पाचव्या, सहाव्या आठवड्यात प्रत्येकाच्या खुणा मोजायच्या, आणि त्या दुसऱ्या मुलाशी नव्हे, त्याच मुलाच्या तिसऱ्या आठवड्याशी ताडून बघायच्या. वर्गात कोण ‘उपजत’ आहे याचा अंदाज पहिल्याच दिवशी एका बंद पाकिटात लिहून ठेवायला हरकत नाही, शिक्षकांनीही ठेवावा. अंदाजाची वही मात्र पेनाने लिहून घ्या. पेन्सिलने लिहिली की चार वाजता दिशा बदललेल्या सापडतात.